माझ्या नडगीचा मेलेला तुकडा

“कॅन्सर नहीं है, मॅडम. लेकिन हड्डी का एक टुकडा मर गया है,” गोंदियाचे डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणाले.

मी मान हलवली. आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, तेवढं ऐकू येत होतं.

सुरुवात साधीच होती. भाताच्या रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय घसरला, नडगीला जखम झाली. ती भरली, पण महिन्याभरानं तिथूनच पू येऊ लागला. मी सालेकशात अकरावीला जीवशास्त्र शिकवते. तरी मेडिकलमधल्या गोळ्या खात चार महिने अंगावर काढले. तुम्ही काढू नका.

मग कॅन्सरची शंका आली, म्हणून एक्स-रे, एमआरआय आणि बायोप्सी, म्हणजे हाडाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. पातळ काप घेण्याआधी हाड मऊ करायलाच वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला दहा दिवस. त्या दिवसांत मी तांदूळ निवडले, पेपर तपासले. आतून सगळं बधिर होतं.

“काऊन वो, दगडावानी बसून राहिली? रड तं खरी!” सासूबाई एकदा ओरडल्या. रडू आलंच नाही.

रिपोर्टमध्ये ऑस्टिओमायलायटिस होतं, म्हणजे हाडातला जुनाट संसर्ग. मी शिक्षिका आहे कळल्यावर लॅबच्या डॉक्टरबाईंनी मला स्लाइड पाहू दिली.

बारा वर्षं फळ्यावर हीच आकृती काढत आले: मधोमध हॅव्हर्शियन कॅनल, म्हणजे रक्तवाहिनीची नळी, भोवती एकात एक वर्तुळं, त्यांच्यामध्ये बारीक खोबण्या आणि प्रत्येक खोबणीत एक जिवंत पेशी. माझ्या हाडात वर्तुळं अगदी तशीच होती. खोबण्या मात्र रिकाम्या.

“पेशी मेल्या की अशाच दिसतात,” बाई म्हणाल्या. त्यांनी स्लाइड किंचित सरकवली. “आता इथं पाहा. हे नवीन हाड.”

खोबणीखोबणीत एकेक जांभळा ठिपका. मी मोजू लागले. सात-आठ मोजले आणि पुढचं धूसर झालं. बाईंनी खुर्ची पुढे केली. मी तिथंच बसून रडले.

ऑपरेशन करून मेलेला तुकडा काढला. सहा आठवडे अँटिबायोटिक, तीन महिने कुबड्या. रोजची पट्टी सासूबाईंनी बदलली, एकदाही नाक मुरडलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

थंडीत पाय अजून ठणकतो. ठणकला की मी जरा थांबते, ते जांभळे ठिपके आठवतात, आणि मला बरं वाटतं.