पंचवीस मैलांच्या पुढे

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी सात वाजता आमची काळी मोटार वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघ्यातून निघाली. गाडी चालवत होता वामन, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. मी त्याच्या बाजूला बसलो होतो. मांडीवर बहिणीसाठी घेतलेले लुगडे आणि गोरसपाकाचा (आमच्या वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा) पुडा. निघण्याआधी मी मीटरवरचा आकडा पाहिला आणि ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहिला. गाडी घरातून निघताना एक आकडा आणि परत आल्यावर दुसरा, ही माझी पहिल्या दिवसापासूनची रीत. ऐंशी साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट आहे.

माझे शिक्षण दुसरीपर्यंत. तरी हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कुणाकडून लिहवून घेतलेले नाही. मराठी आकडे आणि मराठी अक्षर मला येते, तेवढे पुरे आहे.

मोटारीचे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बावीस वर्षे मी एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीत) यंत्रावर होतो. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मला दिली. विकत दिली, बक्षीस नाही. मीटर मैलांचा, इतकी जुनी. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. मला चालवता येत नव्हती, पण मालक मी होतो. पहिल्याच लग्नसराईत माझा साडू ती घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आली तेव्हा मडगार्ड चेपलेले आणि सीटभर हळद. मी साडूला चहा पाजून वाटेला लावले. आमच्याकडे नातलगाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणून ते 'नाही' मी विम्याच्या कागदाकडून म्हणवले. कागद इंग्रजीत होता आणि घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हते. मी सर्वांना सांगून टाकले की घरच्या माणसाने गाडी नेली तर विमा पंचवीस मैलांपर्यंतच चालतो. त्यापुढे काही झाले तर कोर्ट माझे वावर (शेत) घेईल. विमेवाल्याने मला वेगळे सांगितले होते. भाड्याने देऊ नका, लायसनवाला माणूस बसवा आणि मग कुठेही न्या. हे मी पोटात ठेवले.

मागच्या वर्षी याच सुमारास बहिणीच्या गावाहून निरोप आला, चंद्राबाईची तब्येत बरी नाही, गाडी घेऊन या. तिचे गाव आर्वीच्या रस्त्यावर एका फाट्यापासून आत आठ मैल आहे. फाटा बरोबर पंचवीस मैलांवर. वामनला किल्ली देताना मी सवयीने म्हणालो, पंचवीस मैल ध्यानात ठेव, पुढे बंडी (बैलगाडी) कर. तिला लकवा झाला आहे हे निरोपात नव्हते. वामनने गाडी फाट्यावर उभी केली, पुढे जाऊन तिला बंडीतून फाट्यापर्यंत आणले आणि मग मोटारीने वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी यायला पाहिजे होते. तिचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. साऱ्या नातेवाइकांनी वामनला दोष दिला, की आत्याचा जीव जात असताना हा विमा पाहत बसला. भरल्या घरात लोक त्याला बोलत आणि मी ताटावर मान खाली घालून जेवत असे. असे वर्ष गेले. या भाऊबीजेला बहिणीसमोर खरे सांगायचे, असे ठरवून मी निघालो होतो.

वर्ध्यात सणाचा दिवस होता तरी कापसाच्या बंड्या बाजाराच्या रस्त्याला लागल्या होत्या. ऑटोंना झेंडूच्या माळा, एसटी स्टँडवर भावांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात पिशवी. शहर मागे पडल्यावर दोन्ही अंगांना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली दिसली. पांढरे वावर पाहिले की माझ्या बोटांना अजून जिनिंगमधला कापूस आठवतो.

आंजीला चहा घेतला. हॉटेलवाल्याने कढईतून भजी काढता काढता विचारले की गाडी भाड्याची आहे का. वामन म्हणाला, घरची आहे.

"मंग बुढा पुढे काऊन बसला? मालक तं मागं बसते."

"आमचे मालक पुढेच बसते," वामन म्हणाला. "मीटर पाहा लागते न त्याइले."

हॉटेलवाला हसला. वामन हसला नाही. मी भजे खाल्ले आणि कागदाला हात पुसले.

खरांगण्याच्या पुढे रस्ता चढाला लागतो. झुडपी डोंगर आणि सागाची मोठी पाने. तिथे इंजिनाचे पाणी उकळले आणि झाकणातून वाफ निघू लागली. रस्त्याकाठी दोन-तीन घरे होती, गोंडांची. एक बाई कळशी घेऊन आली. मागे तिची सासू काही बोलली, ती त्यांच्या भाषेत. मला समजले नाही. मी विचारले तेव्हा बाई म्हणाली, "सासू म्हन्ते, आधी मानसाले पानी द्या, मंग गाडीले." आम्ही पाणी प्यालो. मग वामनने फडके धरून झाकण उघडले आणि गाडीला पाजले. मी पैसे काढले तर सासूने हाताने नको म्हटले. बैलाला पाणी पाजल्याचे कोणी पैसे घेते का, असे काही ती म्हणाली असावी.

फाटा आला तेव्हा दहा वाजून गेले होते. एक बाभूळ, एक पानठेला आणि आत जाणारा कच्चा रस्ता. वामनने गाडी बाभळीखाली घेतली आणि बंद केली. मी सांगितले नव्हते. तो उतरून पुन्हा पाणी पाहू लागला आणि मी ठेल्यावर पान घ्यायला गेलो. ठेलेवाला माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. त्याने आधी गाडीकडे पाहिले, मग वामनकडे, आणि आवाज खाली करून मला म्हणाला, हाच पोरगा मागच्या साली आला होता, हीच गाडी. मी कोण हे त्याला माहीत नव्हते.

"मी म्हटलं, बापू, रस्ता कच्चा असला तरी मोटर जाते, घेऊन जा. तं हा रडून राह्यला. म्हने, विमा इथंच संपते, पुढे काई झालं तं मोठेबाबाचं वावर जाईन. इथं बंडी भेटली नाई, तं आठ मैल पयत गेला लेक."

मोठेबाबा म्हणजे मी, वामनचा मोठा काका. पळत गेला हे मला कुणी सांगितले नव्हते. वामननेही नाही. मी पान तोंडात घातले नाही, तसेच हातात धरून गाडीत येऊन बसलो. वामन स्टिअरिंगवर बसला, पण किल्ली फिरवली नाही. समोर पाहत म्हणाला, "मोठेबाबा, पंचवीस झाले."

"चाल," मी म्हणालो.

त्या आठ मैलांत संत्र्यांचे बगीचे लागतात. फळाच्या वजनाने फांद्या वाकलेल्या, खाली बांबूचे टेकू. दोन नाले आहेत, दोन्हींतून गाडी सहज निघाली. मी रस्ता कमी पाहिला, घड्याळ जास्त. गावाच्या वेशीशी पोचलो तेव्हा पस्तीस मिनिटे झाली होती.

बहीण ओसरीत बाजेवर बसून होती. केस विंचरलेले, उजवा हात पदराखाली. मला पाहून तिने तोंड हलवले. तिला आता एकच शब्द येतो, "दादा", आणि तोही पुरा येत नाही. तिचा मुलगा गुलाब दारात उभा होता. तो माझ्या पाया पडला आणि वामनकडे न पाहता म्हणाला, "या, पंचवीस मैलवाले." वामनने चप्पल काढली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. तिथली जागा त्याला ठाऊक असावी.

बहिणीच्या सुनेने पाटोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. मी अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. सून म्हणाली, मामाजी, तिखट झाली काय? मी नाही म्हणालो. जेवण झाल्यावर तिने पाट मांडला, रांगोळी काढली आणि ताटात निरांजन लावून ते सासूच्या डाव्या हाताखाली स्वतः धरले. मागच्या भाऊबीजेला बहीण दवाखान्यात होती. या वेळी, डाव्या हाताने ओवाळत नाहीत म्हणून, गुलाबने आधी नको म्हटले होते, पण तिने ऐकले नव्हते.

मी पाटाजवळ गेलो. बसलो नाही.

"गुलाब, वामनाले आजपासून काई म्हनू नको," मी म्हणालो. "विम्यात पंचवीस मैल नाईत. कधीच नोहते. ते म्याच सांगतलं होतं."

गुलाबला आधी कळलेच नाही. मग तो म्हणाला, "काऊन, मामा?"

"गाडी खराब होते म्हनून."

 सुनेच्या हातात ताट तसेच होते. गुलाब उठून बाहेर अंगणात गेला. मी बहिणीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने डावा हात उचलला आणि कोपऱ्यातल्या वामनकडे दाखवले. मग पाटाकडे.

वामन भाचा. आत्या भाच्याला भाऊबीज ओवाळत नाही. तो नको नको म्हणत होता, पण ती हात खाली करेना. शेवटी तो पाटावर बसला. तिने त्याला ओवाळले. सुनेने खालून ताट धरले होते तरी ज्योत हलत होती. मी बाजूला उभा राहून पाहिले. नंतर तिने मलाही ओवाळले. मी लुगडे ताटात ठेवले.

उन्हे उतरायच्या आत निघालो. गुलाबने संत्र्यांची एक टोपली आणून गाडीत ठेवली. मागच्या सीटवर नाही, पुढे, वामनच्या शेजारी. 

फाट्यावर ठेलेवाल्याने हात केला. वामनने गाडी थांबवली नाही. बऱ्याच वेळाने, आंजीच्या जवळ, तो म्हणाला, "मले मालूम होतं, मोठेबाबा. आत्याले दवाखान्यात ठेवलं, त्याच हप्त्यात मी तो विम्याचा कागद एका मास्तरजवळून वाचून घेतला."

वर्षभर त्याने शिव्या खाल्ल्या होत्या. मी विचारले, "मंग बोलला काऊन नाई?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहून राह्यलतो."

 रस्त्यात परतणाऱ्या रिकाम्या बंड्या लागल्या, बैल घराच्या ओढीने चालत होते.

घरी आल्यावर मी मीटर पाहिला आणि भिंतीवर आकडा लिहिला. सकाळपासून सहासष्ट मैल. त्या दिवाळीला भिंतीला चुना लागला नव्हता, म्हणून वरच्या ओळींत मागच्या वर्षीचे दोन आकडे तसेच होते, वामन गेला तेव्हाचा आणि आला तेव्हाचा. तेव्हा मी वजाबाकी केली नव्हती. या भाऊबीजेच्या संध्याकाळी केली. बावन्न आले. फाट्यापर्यंतचे पंचवीस, परतीचे पंचवीस, आणि दवाखान्याचे दोन.

गाडीची किल्ली आता ओसरीत उघड्या खिळ्यावर असते, ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. दिवाळीला घरातल्यांनी भिंतीला चुना लावायला काढला की मी त्या आकड्यांची जागा सोडायला सांगतो.