उलटा करंट

आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. पुढे पीएच.डी.ला लागले. काम थोडक्यात असं : टोपोलॉजिकल म्हणतात तसला एक स्फटिक, ज्याच्या पोटातून वीज जात नाही, नुसती वरवरून वाहते. त्याच्यावर रेणूंचा थर, आणि त्यातला एकेक रेणू म्हणजे इवलंसं चुंबक. खालून करंट सोडून ही चुंबकं वळवायची. करंट कुठल्या दिशेने जातो, त्यावर ती कुठे वळणार ते ठरतं.

तिसऱ्या वर्षी चुंबकं वळल्याचा सिग्नल मिळाला. महिनाभर रोज मिळाला. सर म्हणाले, "परिषदेला पेपर पाठव." मी पाठवला.

पप्पा विठ्ठलवाडीला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहेत. रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले तर दुकानाचा सेठ ओरडला, "आओ सायंटिस्ट मॅडम! तुझा बाप गिऱ्हाइकाला मोटरचं कमी आणि तुझंच जास्त सांगतो."

पप्पांनी हात पुसत विचारलं, "वायरी उलट्या करून बघितल्यास ना गं?"

"का?"

"मोटर असेल तर उलटी फिरेल. हीटर असेल तर कशाही जोड, तापणारच."

सेठ हसला. "घ्या! आता हा पीएच.डी.ला पण शिकवणार."

मला हसू आलं नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? केसाएवढ्या तारा, उलट्या करंटने जोड जळतील, असं स्वतःला सांगत मी ती चाचणी पुढे ढकलत होते. खरं म्हणजे घाबरत होते.

सोमवारी करंट उलटा केला. सिग्नलही उलटायला हवा होता. स्क्रीनवरची रेघ तशीच राहिली. चारदा केलं. चुंबकं वळतच नव्हती, नुसता स्फटिक तापत होता. महिनाभर मी ते तापणंच मोजलं होतं.

सर रागावले नाहीत. "पेपर मागे घे," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या मुलाच्या कामाकडे वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. पप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "मी विचारायलाच नको होतं."

"तसं नाही पप्पा, बरं झालं विचारलंत," असं मी म्हणायला हवं होतं. मी नुसतीच उठले आणि हात धुतले.