ओटीतलं पाकीट

माझ्या उजव्या हाताचा तळवा आता वर वळत नाही. देवळात प्रसाद घ्यायला डावा हात पुढे करावा लागतो आणि कुणी ना कुणी मला रीत शिकवायला येतंच. आधी मी समजावून सांगत बसायचे की मनगटात धातूची पट्टी बसवली आहे. आता नुसती बघते. तेवढ्यानं काम होतं.

ही पट्टी मला मोबाइलवर बोलावलेल्या टॅक्सीमुळे मिळाली. पण त्याआधी त्या हाताचं काम काय होतं ते सांगायला हवं.

विदर्भातून येऊन जबलपुरात राहिलेल्या आम्हा मराठी घरांत लग्नाच्या पंगतीला माठावरची लांब रोटी लागते. पीठ सैल भिजवायचं, परातीत आपटून आपटून त्याला ताण आणायचा, मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उपड्या माठावर टाकायचा. मनगट वळलं नाही की रोटी फाटलीच. माझी फाटत नसे. गावात दुसऱ्या बायकाही करायच्या, पण लग्नाची तारीख ठरली की आधी मला विचारायचे, हे मी काही नम्रपणे सांगणार नाही.

यांची फॅक्टरीत पक्की नोकरी. सासूबाईंनी पहिल्याच ऑर्डरला जाहीर केलं की नोकरदाराची बायको रोट्या विकत नसते. पैसे मात्र हवे होते, कारण मुलीची शाळा महागडी होती. मग सासूबाईंनीच तोड काढली. लग्नघरच्यांनी माझी ओटी भरायची: तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीस, आणि नारळाखाली पाकीट. पाकिटाबद्दल कुणी बोलायचं नाही. बावीस वर्षं कुणीही बोललं नाही. हे मराठी मंडळात सगळ्यांना सांगायचे, "तिला हौस आहे." ब्लाऊजपीस इतके भयंकर रंगांचे असायचे की एकही शिवला नाही. सगळे पत्र्याच्या पेटीत साठत गेले.

त्या दिवशी पनागरला एका लग्नघरी निघाले होते. पुण्याहून आली असताना मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये टॅक्सीचं ॲप घालून दिलं होतं आणि माठ मांडीवर घेऊन मी मागे बसले होते. निघताना ड्रायव्हर म्हणाला, "माँ जी, बुकिंग कैंसल कर दो, कैश दे देना." कंपनीचं कमिशन वाचवायला असं सगळेच करतात, पण मला बुकिंग रद्द कसं करतात तेच येत नव्हतं. तसं त्याला सांगणं कमीपणाचं वाटलं, म्हणून मी ऐटीत नाही म्हणाले.

हवेत धुकं नव्हतं, रस्ता मोकळा होता. गावाबाहेर मटाराच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, लांबून दिसत होती. ड्रायव्हर मोबाइलवर पुढची सवारी बघत होता. मी "भैया" म्हणेपर्यंत आम्ही ट्रॉलीत घुसलो होतो. माठ फुटला, हात मोडला, आणि मी रस्त्यावर सांडलेल्या शेंगांच्या ढिगात बसून त्या माणसाला असं काही बोलले की गोळा झालेली माणसं दोन पावलं मागे सरकली. तो रडत होता. त्याला फारसं लागलं नव्हतं.

हॉस्पिटलात फॉर्म यांनी भरला. व्यवसाय: गृहिणी. उत्पन्न: काही नाही. पोलिसांनाही यांनी तेच सांगितलं. मला शुद्ध होती, ऐकूही येत होतं, पण तेव्हा हात इतका दुखत होता की जगानं मला काहीही म्हणावं.

हात जुळला, पण वळायचा थांबला. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले की आता एवढाच राहील. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. दुःखानं कमी, रागानं जास्त. मुलीनं फोनवरून सांगितलं की दावा लावायचा. शेजारच्यांची मुलगी वकील आहे, तिच्याकडे गेले. तिला मराठी सगळी समजते, बोलायला लागली की हिंदी होते. तिनं ड्रायव्हर, गाडीचा मालक, विमा कंपनी आणि ॲपवाली कंपनी असे चौघे दाव्यात ओढले.

ॲपवाल्यांनी लिहून दिलं की आम्ही फक्त सवारी आणि गाडी यांची गाठ घालून देतो, अपघाताशी आमचा संबंध नाही. विमावाल्यांचं म्हणणं त्याहून झकास. मी म्हणे सवारी नव्हतेच, ड्रायव्हरच्या ओळखीची बाई फुकट बसली असेल. तेव्हा वकील मुलीनं ॲपवाल्यांकडूनच नोंद मागवली. माझं बुकिंग, वेळ, रस्ता, सगळं होतं, कारण ते रद्द झालंच नव्हतं. त्या नोंदीनं मी सवारी ठरले, चूक ड्रायव्हरची ठरली, आणि गाडीचा विमा टॅक्सी म्हणूनच उतरवलेला असल्यामुळे भरपाई विमा कंपनीवर आली. मला बुकिंग रद्द करता येत नव्हतं हे मी वकील मुलीलाही सांगितलं नाही.

खरा पेच पुढेच होता. भरपाई कसली द्यायची? विम्याच्या वकिलानं हॉस्पिटलचा फॉर्म वर केला. गृहिणी, उत्पन्न नाही. हात चहा करण्याइतका चालतो, मग नुकसान काय झालं? वकील मुलीनं मला आधीच समजावलं होतं की घरकामाचीही किंमत कायदा धरतो, ती मिळेलच. पण ज्या हाताच्या कसबावर बाई कमावते तो गेला, तर हिशेब वेगळा होतो. फक्त ती कमवत होती हे दिसलं पाहिजे. मला ती वरची रक्कम नको होती असं नाही. पण बावीस वर्षं चुलीपुढे उभं राहून मी काहीच केलं नाही असा कागद कोर्टात कायमचा राहणार, याचा मला जास्त संताप होता.

साक्षीला उभी राहिले. वकिलानं बिलं विचारली, पावत्या विचारल्या, बँकेचं खातं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. पैसे ओटीत येत, मी म्हणाले. जज साहेबांनी चष्मा काढून विचारलं की ही ओटी काय असते. मी सांगितलं. मग त्यांनी रोटी कशी होते ते विचारलं. मी दोन्ही हात पुढे केले आणि रोटी झुलवायला लागले. डावा तळवा वर आला. उजवा आलाच नाही, तसाच पालथा राहिला. जज साहेब बराच वेळ त्या हाताकडे बघत होते. विम्याच्या वकिलानं मात्र फॉर्मवर बोट ठेवलं आणि विचारलं की मग हे कुणी लिहिलं.

त्याचं उत्तर एकाच माणसाला देता येत होतं. पुढच्या तारखेला यांना साक्षीला यावं लागणार होतं आणि मला धाकधूक होती. बावीस वर्षं ज्यांनी हौस म्हणून सांगितलं ते भर कोर्टात काय बोलतील? तिथं मंडळातले दोघेतिघे यायचे होते, पाकिटं देणाऱ्या तीन बायकाही साक्षीला येणार होत्या. घरी यांनी विषयच काढला नाही. त्या सकाळी फक्त एवढं म्हणाले, "ते पेटी काहून इथं ठेवली? काढ बाहेर, घेऊन जाऊ." मी म्हटलं, कोर्टात ब्लाऊजपीस घेऊन कुणी जातं का? यांनी ऐकलं नाही. पेटी ऑटोत स्वतः चढवली आणि सिविल लाइन्सपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसले.

कोर्टात हे उभे राहिले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. वकिलानं फॉर्म दाखवला, हे अक्षर तुमचं का विचारलं.

"मेरा ही है. गलत लिखा है, साहब," हे म्हणाले. "घर मेरी तनख्वाह से चला, बेटी इसके हाथ से पढ़ी. मैं बाईस साल से सबको बोलता रहा कि इसको शौक है. शौक नहीं था. काम था. मुझे बोलने में शर्म आती थी."

मागे मंडळातले बसले होते. यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, सरळ समोर बघत राहिले. मग पेटी उघडून दाखवली. पोपटी, राणी, मोरपंखी, आणि एक तर कावीळ झाल्यासारखा पिवळा. एका साक्षीदार बाईनं तो पिवळा पटकन ओळखला, म्हणाली हा मी दिलेला, लेकीच्या लग्नात, पाकिटासकट. जज साहेब हसले. विम्याचा वकील सोडून सगळेच हसले. मी मात्र यांच्याकडे बघत होते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, पण या माणसाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वकील मुलीनं तो मला तिच्या हिंदीत वाचून दाखवला. त्यात मी 'कुशल रोटी कारीगर' होते. ते दोन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळेला तीच म्हणाली, "काकू, अब घर जाकर पढ़ लेना."

आता दोन बायका माझ्याकडे शिकतात. पीठ मी बघते, झुलवतात त्या, आणि फाटली की बोलणी खातात. ऑर्डर घेताना दर तोंडानं सांगते. ओटीही भरून घेते, पण पाकीट आधी हातात.

भरपाईसाठी बँकेत खातं उघडायला गेलो तेव्हा फॉर्म नेहमीप्रमाणे यांनीच भरायला घेतला. नाव, पत्ता सगळं लिहिलं. व्यवसायाची जागा मात्र कोरी ठेवली आणि कागद, पेन माझ्याकडे सरकवलं. मी उजव्या हातानंच लिहिलं, वाकडंतिकडं. काउंटरवरच्या पोरानं ते कसंबसं वाचलं. ये लंबी रोटी क्या होती है, त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. मागे दहा माणसांची रांग होती. यांनी पिशवी माझ्याकडे दिली, दोन्ही हात लांब केले आणि काउंटरसमोर रोटी कशी झुलवतात ते दाखवायला लागले. साफ चुकीचं दाखवत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांचं कोपर धरून वर केलं.