प्रेमिलाबाईंचा झेंडू

केशोरीत रोवण्याला प्रेमिलाबाईंसारखा हात नाही. चाळीस वर्षं चिखलात वाकून धान रोवला, ओळ कधी वाकडी गेली नाही. फूल मात्र जन्मात लावलं नव्हतं.

यंदा विहारात त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या, "वर्षावास संपते त्या पुनवेले बुद्धापुढं विकतचा हार नको. फुलं माह्या घरची."

अर्जुनी मोरगावहून झेंडूचं बी आणलं. दुकानदार म्हणाला, "सगळ्यात सोपं फूल, बाई. ज्याले काही येत नाही, त्याच्या हातूनबी येते."

रोपं वीतभर झाली तशी बाईंनी घरामागे धानाला करतात तशी छोटी बांधी आखली. चारही बाजूंनी मातीच्या बांधाचा धुरा घातला, आत पाणी सोडलं, पायानं चिखल केला आणि धानासारखा झेंडू रोवला. उरलेली मरतुकडी रोपं, धानाची फेकतात तशी, धुऱ्यावर फेकली आणि टाचेनं दाबली.

शेजारचे बकाराम कुंपणावरून म्हणाले, "प्रेमिलाबाई, झेंडू कधी निसवते? लोंब्या कधी धरते?"

"पुनवेले ये, पाहजो."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई मागे गेल्या. एकही रोप उभं नव्हतं. एक उपटलं, तर मूळ काळं, हाताला कुजका वास. त्यांच्या हातचं रोप आजवर मेलं नव्हतं.

"आई, झेंडूले साचलेलं पाणी चालत नाही," सून दामिनी हळूच म्हणाली.

"पाणी का कोणाले मारते?" बाईंनी मेलेलं रोप तिच्यापुढे धरलं. "तुले मालूम होतं, तं सांगतलं काऊन नाही?"

"मी तुमाले रोवणा सिकवू?"

बाईंनी मागचं दार लावलं, ते लावलंच. त्या बाजूला गवत माजलं. विहारात जाताना त्या मागच्या रांगेत बसू लागल्या. फुलांचं कोणी विचारलं नाही, तेच जास्त लागायचं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "हार आणून ठेवा बाजारातून." रत्नपाल सायकल काढून गेले.

पौर्णिमेच्या सकाळी दामिनीनं त्यांचा हात धरून मागचं दार उघडलं.

बांधीत नुसतं गवत. पण धुऱ्यावर, बाईंनी फेकून टाचेखाली दाबलेल्या रोपांतली पाच-सहा कमरेएवढी झाली होती. केशरी फुलं, दवानं जड झालेली. बाईंनी स्वतःच्या टाचेकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं आणि धुऱ्यावरच बसल्या.

"तू... तू सांगतलं काऊन नाही?"

"आता तं सांगून राहिले न, आई." दामिनीनं ताट पुढे केलं. "तोडा लवकर, वंदनेची वेळ झाली."

बाईंनी हात जोडले. मग एका फुलाला हात लावला आणि मागे घेतला.

"थांब वो जराशी," त्या म्हणाल्या. "पाहू दे."