दिवा लागला की सांगा

परळच्या आमच्या हॉस्पिटलात, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर बसलं की किस्से आपोआप साठतात. फणसवाडीत घरी पोचेपर्यंत ते सांगायचं त्राण मात्र उरत नाही. आज चहा तुम्ही पाजताय, म्हणून ऐका.

आमच्याकडे एका इंजेक्शनची ट्रायल चालू आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्या, की इंजेक्शनमधलं रसायन उरलेल्या पेशींना त्या कामाला लावतं. निदान लावावं, अशी आशा! माझं काम एकच. मी पार्टिशनमागे बसते, पेशंटसमोरचा मंद दिवा लावते, घालवते आणि विचारते, "दिसला का?"

*

गिरगावच्या डिसोझा आंटी दर वेळी "दिसला!" म्हणायच्या. दिवा बंद असला तरी!

"आंटी, खरंच?"

"अगं, तू एवढी मेहनत करते, नाय बोलायला कसंतरी वाटतं!"

*

मग आले लालबागचे सावंतकाका, पूर्वीचे गिरणी कामगार. इंजेक्शनच्या दिवशी काकी केस काळे करून आल्या.

म्हटलं, "काकी, फार तर उजेड-काळोख कळेल. केस नाही दिसणार."

"असांदे गो. चुकान दिसलाच, तर?"

मला हसायला आलं आणि वाईटही वाटलं.

*

काकांच्या पहिल्या टेस्टमध्ये सगळी उत्तरं बरोबर! काकींनी वॉर्डभर पेढे वाटले, मी दोन खाल्ले. संध्याकाळी बघते तर दिव्याचा बल्बच गेलेला!

काका स्विचचा 'खट्' आवाज ऐकून सांगत होते. त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं. हे त्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

*

मी बिनआवाजाचा स्विच बसवून घेतला. तेव्हापासून काकांचं प्रत्येक वेळी एकच उत्तर, "नाय."

"काका, थोडासा जरी वाटला तरी सांगा ना."

"नको गो बाय. परत हसा नको माका."

*

परवा त्यांची शेवटची टेस्ट होती. यात काही निघालं नाही, तर पुढचं इंजेक्शन मिळणार नव्हतं. काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी विचारत गेले, काका "नाय, नाय" म्हणत गेले. मी शून्य लिहिलं. इतकी थकले होते की दिवा तसाच चालू सोडून उठले, लक्षातच आलं नाही.

काकांचा हात धरून दारापर्यंत आणलं. ते थांबले. मान मागे वळवली.

"बाय, दिवो पेटतोच रवलो. बंद कर गो, फुकट जळता."