साडूंचा वाफा आणि बारा पत्रे

जमिनीच्या तुकड्यासाठी सर्वस्व पणाला लावणारी माणसं आता दुर्मिळ झाली आहेत. माझे थोरले साडू त्यांतले एक. जमीन दहा फूट बाय बारा फूट होती आणि तिच्यात वांगी होती, एवढंच.

साडूंनी उभा जन्म सरकारी मोजणीत काढला. नोकरी संपली, मोजणी संपली नाही. बुशशर्टाच्या खिशात पेन असतं तिथे त्यांची टेप असते. माझ्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात मांडवाच्या खांबापाशी वाकलेले हे गृहस्थ उठून माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "रडताय काय? चाळीस फूट सांगून साडेसदतीसच घातलाय त्यानं." मुलगी गाडीत बसली तेव्हा मी मांडववाल्याला शोधत होतो.

राहुरीच्या ज्या कॉलनीत ते राहतात तिथल्या मोकळ्या जागेत बारापैकी अकरा घरांनी मिळून भाजीचे वाफे केले. चुन्याची फक्की टाकून हद्दी अर्थातच साडूंनी आखल्या. कुदळी, खुरपी, पाइप आणि शेणखताची पोती ठेवायला पत्र्याच्या दोन सामाईक शेडी होत्या. शेजारच्या वाफ्यातल्या पाटीलकाकूंच्या दोडक्याचा वेल एकदा वीतभर यांच्या हद्दीत आला. साडूंनी रीतसर लेखी कळवलं. हद्दीत लागलेले तीन दोडके पिशवीत घालून परत केले आणि पोचही घेतली. काकूंनी सही करता करता विचारलं, "भाऊ, फुलं किती पडली तुमच्याकडं, ती बी मोजली का?" साडू वरमले. फुलं राहून गेली होती.

मागच्या वैशाखात वादळ झालं आणि शेडींचे पत्रे उडाले. बाकीचे नुसतेच उडाले. एक मात्र कॉलनीच्या अध्यक्षांच्या नव्या गाडीच्या टपावर जाऊन बसला. अध्यक्ष निवृत्त ठेकेदार. मोकळ्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक आपोआप उगवायला हवेत असं त्यांचं मत. त्यांनी बैठकीत जाहीर केलं, "म्हैनाभरात सोताच्या खर्चानं शेडी नीट करा. न्हाईतर वाफे बंद, पार्किंग चालू."

साडूंचं जेवण कमी झालं. मेव्हणीने फोनवर सांगितलं, "पेन्शन बंद झाली असती तरी यांना एवढं लागलं नसतं. वाफा गेला तर हे दिवसभर घरात. पोळ्यांना टेप लावतील हो!"

साडूंनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीचं आवाहन केलं. सत्तावीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खिशात हात कोणी घातला नाही. आठवड्याने देवळात बसलेले असताना साडूंची नजर वर गेली. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदारांची नावं होती. "पंखा फिरतो तेव्हा नाव वाचता येत नाही, तरी लोक देतात," ते मला म्हणाले. "पत्रा तर स्थिर असतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पैसे मागणं बंद केलं. ते घरोघर जाऊन फक्त नाव विचारू लागले. कोणाच्या स्मरणार्थ? अक्षरं चार इंची, सर्वांना समान. हात जोडणारी माणसं आता खुर्ची पुढे करून चहा टाकू लागली. एका मास्तरांनी वडिलांबरोबर आजोबाही त्याच पत्र्यात बसतात का ते विचारलं. पाटीलकाकूंची अट वेगळी होती. "सासूबाईंचं नाव वरल्या अंगाला लिवा भाऊ. जरा ऊन लागू द्या."

अकरा घरांचे अकरा पत्रे झाले. लागत होते बारा, आणि मुदतीला चार दिवस उरले. मागायचं असं कॉलनीत एकच दार होतं. साडू गेले. आधार म्हणून मला नेलं.

"पत्रा? माझ्याकडं?" अध्यक्ष म्हणाले. "माझ्या गाडीचं टप कोन भरून देनार?"

"ते प्रकरण वेगळं. तुमच्या वडिलांच्या नावाचा पत्रा राहिलाय."

"वडलांना भाजीपाल्याचा लई तिटकारा हुता. माझं लिवा."

"स्मरणार्थ लिहायचं तर..." साडू घुटमळले. नियमाला हयात माणसाची अडचण होती. "सौजन्य लिहिता येईल. चार इंच."

"सहा इंच करा."

हद्दीच्या बाबतीत जन्मात कोणाला सूतभर न सोडलेला हा माणूस. मी दुसरीकडे पाहत राहिलो. त्यांनी टेप उघडली, सहा इंच बघितले, बंद केली. "करू," ते म्हणाले.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाराही पत्रे चढले. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला आणि आपल्याला हिरवळीची लहानपणापासून कशी ओढ आहे यावर पाऊण तास भाषण केलं. पार्किंगचा विषय पुन्हा निघाला नाही. स्वतःचं नाव सहा इंचांत लिहिलेलं छप्पर कोण उतरवणार?

यंदा साडूंचे गुडघे धरले. खाली बसता येत नाही. बसलं तर उठता येत नाही. तरी संध्याकाळी काठी टेकत वाफ्यापर्यंत जातात, चारी कोपरे नजरेने तपासतात आणि शेडीतल्या खुर्चीवर बसून राहतात. मी गेलो की शेजारी दुसरी खुर्ची ओढतो. वाफा पडीक राहू नये म्हणून त्यांनी तो पाटीलकाकूंना लावायला दिला आहे, तोंडी. काकूंनी मेथी केली आहे आणि एक दिवसाआड पहिली जुडी त्यांच्याकडे पोचवतात.

साडूंना मेथी आवडत नाही. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा असते.