लिओन्सियोनं शिकवलेलं वाक्य

आमच्या गावाला बाहेरच्या जगाशी बोलायला तोंड एकच होतं, ते लिओन्सियो सुल्काचं. बाकी सगळं गाव केचुआ बोलणारं. पेरूतल्या आयाकुचोच्या वरच्या अंगाला, जिथं बटाट्याशिवाय दुसरं काही पिकायला राजी होत नाही, तिथं स्पॅनिश बोलायचं तरी कुणाशी? लामांच्या कळपाशी? पण बाजार खाली, कचेरी खाली, डॉक्टर खाली. उतार उतरून गेलं की आमची धडधाकट माणसं मुकी व्हायची.

लिओन्सियो तरुणपणी किनाऱ्याकडं कापसाच्या मळ्यांत राबला. तिथनं येताना पाठीचं दुखणं आणि मोडकंतोडकं स्पॅनिश एवढंच घेऊन आला. ठेंगणा, रुंद हाडाचा, गालात कायम कोकाच्या पानांचा गोळा. बायको लवकर गेली, पोरबाळ नव्हतं. गावच त्याला ताता म्हणायचं, म्हणजे बाप.

त्याची शिकवायची रीत त्याचीच. अक्षरं नाहीत, फळा नाही. बटाटे काढताना सरीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत एक वाक्य घोकून घ्यायचं. म्हणायचा, "वस्तूचं नाव एकदा घ्यायचं, मग नुसतं 'लो' म्हणायचं. लो म्हंजे त्याला. लो म्हंजे ते. आणलंय लो, इकतो लो, बघितलं लो. हे एवढं तोंडात बसलं की बाजार करून येशील, बाई."

बाईमाणसाला, गाईला, मेंढीला तिकडं 'ला' म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. पण आमच्या बोलीत असला नर-मादीचा घोळ नाही, त्यामुळं त्याच्या लेखी सगळी दुनिया 'लो'च होती. एकदा गाय विकताना व्यापाऱ्यानं त्याला खिजवलं, अरे ही गाय आहे का बैल, नीट बोल की. लिओन्सियो म्हणाला, "खाली वाकून बघ. तुला कळत नसंल तर गायीला इचार."

मग ती वर्षं आली. कधी डोंगरातले बंडखोर यायचे, कधी सरकारचे गणवेशवाले. दोघंही आमचीच मेंढरं कापून खायचे आणि दोघंही एकच विचारायचे. अमक्याला ओळखता का? माक्सिमो पालोमिनोला गणवेशवाल्यांनी विचारलं तेव्हा तो भोळेपणानं म्हणाला, ओळखतो की, माझ्या पोरीचा धर्मबाप आहे तो. त्यालाही सोबत नेलं. पुढं घळीत गिधाडं उतरली तेव्हा गावाला कळलं.

त्या हंगामात लिओन्सियोनं दुसरं काही शिकवलं नाही. सरी संपेपर्यंत एकच वाक्य, नो लो कोनोस्को. ओळखत नाही त्याला. मान खाली घालायची, माणूस कुणीही असो, पुढ्यात उभा असला तरी हेच म्हणायचं. आंधळ्या म्हाताऱ्यांपासून सगळ्यांनी ते पाठ केलं. सगळ्यांत झकास म्हणायची फोर्तुनाता. ही लिओन्सियोच्या बांधाशेजारची विधवा, तिचा एकुलता पोरगा विल्बेर खाणीत कामाला गेलेला. लिओन्सियो तिला म्हणायचा, "तुझं ऐकून तर मलाच वाटतंय, ही बया मला वळकत न्हाई."

वाक्यानं काम केलं. गणवेशवाले दोनदा येऊन नावं विचारून गेले, गाव मान खाली घालून तेच म्हणालं, आणि कुणाला काही झालं नाही. वाक्य म्हणजे ताईत झाला.

लिओन्सियो चीज विकायला खाली बाजाराला गेला होता, त्या दिवशी ते परत आले. ह्या वेळी विल्बेरला धरून. तो खाणीतनं घराकडं निघाला होता, खिंडीत सापडला. पायांत शहरी बूट, जवळ कागद नाही. तोंड मारून मारून इतकं सुजवलेलं की ओठ उघडत नव्हते. गाव चर्चपुढं उभं केलं. साहेब किनाऱ्याकडचा, आमची बोली त्याला येत नव्हती. तो भराभर बरंच काही बोलला. त्यातलं आम्हाला कळलं ते एवढंच, की ह्याला ओळखता का असं विचारतोय.

पहिल्यानं वाक्य म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं. ओळीत सगळ्यांनी म्हटलं. फोर्तुनातापाशी आले तेव्हा तिनं पोराकडं बघितलं. पोरानं घशातनं काहीतरी आवाज काढला. तिनं मान खाली घातली आणि एक अक्षर न चुकता म्हणाली, नो लो कोनोस्को. साहेबानं हात उडवला. पोराला घेऊन गेले.

सांज धरताना लिओन्सियो आला. बायका वाटेवरच त्याला सामोऱ्या गेल्या आणि सांगायला लागल्या, की कुणी चुकलं नाही, सगळ्यांनी नीट म्हटलं. फोर्तुनाताही त्यांच्यात होती, तिच्या तोंडावर एक आशा होती. ओळख नाही म्हटल्यावर पोराला सोडून देतील, असं तिच्या मनानं धरलं होतं. लिओन्सियोनं विचारलं, साहेब काय काय बोलला ते जसंच्या तसं सांगा. अर्थ लागत नसला तरी फोर्तुनाताचे कान तीक्ष्ण होते. तिनं एकेक आवाज काढून दाखवला.

लिओन्सियो ओझ्यासकट खाली बसला.

"तो म्हणत हुता," तो म्हणाला, "ह्यो म्हणतोय मी ह्याच गावचा. तुमचा असंल तर म्हणा आमचा हाय, आन् घरी न्या. कुणाचा नसंल तर डोंगरातला समजून आम्ही नेतो."

फोर्तुनाता रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग आता काय म्हणायचं, ताता? ते शिकव."

त्यानं शिकवलं नाही. तांबडं फुटायच्या आत स्वतःच गणवेशवाल्यांच्या छावणीकडं चालत गेला. आठवडाभरानं आला तेव्हा पुढचे दात नव्हते आणि डावा कान बधिर झालेला. छावणीवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, असल्या नावाचा कुणी आमच्याकडं नाही, आणि तू त्याला ओळखतोस तर आत ये. एवढंच त्यानं सांगितलं, आणि तेही केचुआतनं.

त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या तोंडातनं स्पॅनिशचा एक शब्द कुणी ऐकला नाही. व्यापारी आला तर बोटं दाखवायचा. पुढं, सगळं निवल्यावर, कोण कुठं नाहीसं झालं त्याची चौकशी करणारे आले, सगळ्यांच्या जबान्या घेत हिंडले. त्यांनी दुभाष्या सोबतच आणला होता. लिओन्सियो दारातनं उठलाही नाही. गावानं त्याला बोल लावला नाही. पण त्याच्या रानात बटाटे काढायला पहिल्यासारखी माणसं जमेनात. फोर्तुनाता जायची. सरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. बोलणं नाही. दात नाहीत म्हणून ती त्याला बटाटे कुस्करून द्यायची. सूप फार गार झालं तर तो कुरकुरायचा, आणि ती म्हणायची, "दात गेलं, नखरं ऱ्हायलं."

गेल्या मेमध्ये तो वारला. पाचव्या दिवशी रिवाजाप्रमाणं मेलेल्याचे कपडे नदीवर धुवायचे असतात, म्हणजे त्याचा इथला हिशोब मिटतो. त्याला जवळचं कुणी नाही, म्हणून फोर्तुनाता बसली. पाणी बर्फाचं, हात लाल झालेले. त्याच्या विजारी धुता धुता बायकांनी हळूच विषय काढला. म्हणाल्या, विल्बेरचा अंगावर घ्यायचा पोंचो किती वर्षं पेटीत ठेवणार, आज आणून धुवून टाक, त्याचीही सुटका होईल आणि तुझीही.

फोर्तुनातानं विजार पिळली. पार कोरडी होईतोवर पिळत राहिली.

"त्याला मेलेला कुणी बघितलाय?" ती म्हणाली. "तू बघितलाय?"

तिनं विजार दगडावर पसरली आणि दुसरी उचलली.